तंजावरचे दोन शेजारी

मुलांनो, आजची गोष्ट दगडाची आहे. तिच्यात राजे येतील, एक जर्मन पाद्री येईल, ९६ मेंढ्याही येतील. पण नायक दगडच. आणि दगडाची गोष्ट म्हणजे सावकाश चालणारी गोष्ट, तेव्हा नीट मांडी घालून बसा.

तमिळनाडूत कावेरीच्या मुखाकडे तंजावर आहे. आपल्या भोसल्यांचे तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापले आणि १८५५ पर्यंत ते मराठी घराण्याकडे राहिले. तिथे एका बाजूला राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे देऊळ आहे. तमिळ माणसे त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, म्हणजे मोठे देऊळ. देवळातून निघून शिवगंगा तळ्याच्या बागेकडे चालू लागलात, की काही मिनिटांत एक पांढरे, बैठे, साधे चर्च लागते. देऊळ १०१० साली पुरे झाले, चर्च १७७९ सालचे. मध्ये पावणेआठशे वर्षांचे अंतर. एक ग्रॅनाइटचे, दुसरे वीट-चुन्याचे. ही दोन घरे एकमेकांची कोण लागतात, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी ग्रॅनाइट. तुम्ही सह्याद्रीच्या अंगणात वाढलेली मुले, म्हणून दगड म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो. तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला, उघड्या हवेत भराभर निवला. भराभर निवल्यामुळे त्यातले स्फटिक बारीक राहिले. डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइटचे तसे नाही. तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, वर खडकांचे जाड पांघरूण असताना, लाखो वर्षे हळूहळू निवला. स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. म्हणून ग्रॅनाइटचा तुकडा भिंगाखाली धरा: काचेसारखे धुरकट दाणे दिसतील, ते क्वार्ट्झ. पांढरट किंवा गुलाबी सपाट दाणे दिसतील, ते फेल्डस्पार. आणि चमकणारे काळे पापुद्रे म्हणजे अभ्रक. तंजावरच्या देवळाचा दगड याच कुळातला. दक्षिणेत असा बराचसा दगड पुढे पुन्हा दाबला, तापवला गेला आणि त्यात पट्टे पडले. भूशास्त्रज्ञ त्याला ‘नाइस’ म्हणतात. तिरुचिरापल्लीच्या बाजूचे हे खडक पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत. सह्याद्री त्यांच्यापुढे लहान मूल.

जाता जाता एक गंमत सांगतो. चेन्नईजवळच्या टेकड्यांत सापडणाऱ्या अशाच एका टणक, काळसर खडकाला ‘चार्नोकाइट’ म्हणतात. कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात जॉब चार्नॉक या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. त्या थडग्याचा दगड मद्रासेकडून नेलेला होता. थॉमस हॉलंड नावाच्या भूशास्त्रज्ञाने तो तपासला आणि थडग्यातल्या माणसाचे नाव दगडालाच दिले. आज जगात कुठेही तसा खडक सापडला, अगदी अंटार्क्टिकात, तरी तो चार्नोकाइटच.

आता तंजावरची अडचण ऐका. गाव त्रिभुज प्रदेशाच्या काठावर. सभोवती भातखाचरे, चिकणमाती, वाळू. देवळाला लागणारा टणक दगड आसपास नाहीच. तो आणायचा तर तिरुचिरापल्ली-पुदुकोट्टईच्या बाजूने, पन्नासेक किलोमीटरवरून. राजराजाने तो आणवला. तोडायचा कसा? शिळेवर छिन्नीने ओळीत भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या. पाचर दगडाला आतून फाकवते, आणि दगड त्या ओळीवर सरळ उकलतो. महाबलीपुरमच्या टेकडीवर अर्ध्यात सोडलेल्या शिळा आहेत. त्यांच्यावर या भोकांच्या रांगा आजही दिसतात.

पण एवढा टणक दगड एका लहानशा पाचरीने फुटतो कसा? इथे निसर्गाचा एक नियम आहे, आणि तो कळला की जगातली निम्मी जुनी बांधकामे कळतात. घरात खडू असेल तर आणा. त्याचा एक तुकडा टेबलावर उभा धरा आणि तळहाताने वरून दाबा. सहजी तुटत नाही ना? आता तोच तुकडा दोन्ही हातांच्या बोटांत आडवा धरा आणि वाकवा. कट्! दगडाचाही स्वभाव हाच. दाब तो मुकाट सोसतो, ताण त्याला सोसत नाही. ग्रॅनाइट जेवढा दाब सोसतो, त्याच्या जेमतेम दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकाच ताण तो सोसू शकतो. पाचर त्याला ताणते, म्हणून तो फुटतो. खांब त्याला दाबतो, म्हणून तो टिकतो. आणि तुळई म्हणून आडवा टाकला तर? तुळईची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून दगडी तुळया आखूड असतात आणि जुन्या देवळांत खांबांची एवढी दाटी असते. ती दाटी शोभेची नाही, दगडाने घातलेली अट आहे.

दाब किती सोसतो म्हणता? हिशेब करू. एक घनमीटर ग्रॅनाइटचे वजन सुमारे २.७ टन. बृहदीश्वराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे ६० मीटर उंच. ६० मीटरचा भरीव ग्रॅनाइटचा खांब उभा केला, तर त्याच्या पायाशी दर चौरस मीटरवर सुमारे १६० टन भार येईल. आणि चांगला ग्रॅनाइट चिरडायला दर चौरस मीटरला निदान १०,००० टन लागतात. म्हणजे खांब साडेतीन किलोमीटर उंच केला, तरी पायाचा दगड टिकेल. आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंची! तेव्हा राजराजाच्या स्थपतीला दगड चिरडेल याची भीती नव्हती. त्याच्यापुढे प्रश्न वेगळा होता: कुठेही ताण येऊ न देता एवढे उंच जायचे कसे?

त्या मुख्य स्थपतीचे नाव देवळाच्या लेखात आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुन्तच्चन. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव हाती लागणे ही भाग्याची गोष्ट आहे, ते लक्षात ठेवा. त्याने काय केले? गाभाऱ्याभोवती दोन भिंती उभारल्या, एक आतली, एक बाहेरची, मध्ये अरुंद बोळ. वर जाता जाता दोन्ही भिंतींचा प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवला. सरकत सरकत त्या एकमेकींना भिडल्या आणि एक जाड, रुंद बैठक तयार झाली. त्या बैठकीवर तेरा मजल्यांचा निमुळता मनोरा चढवला. मनोरा आतून पोकळ आहे. त्याचे चारही बाजूंचे थर आत आत सरकत जातात आणि माथ्याशी मिटतात. कुठेही कमान नाही, लांब तुळई नाही. प्रत्येक दगड खालच्या दगडावर फक्त टेकलेला, आणि वरच्या वजनाने जागेवर धरलेला.

थर किती सरकवता येतो? याचाही प्रयोग घरी करा. एकाच मापाची चार पुस्तके घ्या. टेबलाच्या कडेशी एकावर एक ठेवा. सगळ्यांत वरचे पुस्तक त्याच्या लांबीच्या निम्म्याने पुढे काढा. दुसरे एक चतुर्थांशाने, तिसरे एक षष्ठांशाने, चौथे एक अष्टमांशाने. बेरीज करा: एकाहून किंचित जास्त येते. म्हणजे वरचे पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर तरंगते आणि तरी पडत नाही! (हात जरा नेमका लागतो, प्रत्येक पुस्तक केसभर मागे ठेवा, म्हणजे जमेल.) कारण गुरुत्वमध्य. वरच्या सगळ्या पुस्तकांचा तोल ज्या बिंदूवर आहे, तो खालच्या पुस्तकाच्या आत राहिला, की झाले. पेरुन्तच्चनाला हे सूत्र कागदावर मांडायची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात ते सूत्र जाणत होते.

या देवळाबद्दल दोन गोष्टी तुम्हाला हमखास ऐकवल्या जातील. पहिली, त्याची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, कोणत्याही संध्याकाळी आवारात उभे राहा आणि बघा. दुसरी, माथ्यावरचा घुमट ८० टनांच्या एकाच शिळेचा आहे. ज्यांनी वर जाऊन तपासले, त्यांना तो अनेक तुकडे नेमके जोडून केलेला आढळला. मला विचाराल तर खरी हकीकत या कथांपेक्षा मोठी आहे. एक शिळा चढवायला बळ लागते. शेकडो शिळा तोल साधून चढवायला डोके लागते.

आता मेंढ्या. देवळाच्या जोत्यावर, भिंतींवर तमिळ अक्षरांत लेखच लेख आहेत. राजराजाने काय दिले, त्याच्या बहिणीने, कुंदवैने, काय दिले, राण्यांनी काय दिले. चारशे नर्तिकांची नावे, त्या कोणत्या गावच्या, त्यांना कोणते घर मिळाले. देवापुढे एक नंदादीप कायम तेवत ठेवायचा, तर दात्याने ९६ मेंढ्या द्यायच्या. त्या धनगरांना वाटून दिल्या जात आणि धनगराने रोज ठरलेले माप तूप आणून घालायचे. मेंढ्यांऐवजी ४८ गाई किंवा १६ म्हशीही चालत. चोळ काळातल्या लेखांत अशा कळपांना ‘न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या’ म्हणतात. मेंढी तर मरणारच. पण कळपात कोकरे जन्मत राहतात, म्हाताऱ्या जातात, आकडा ९६ चाच ठेवायची जबाबदारी धनगराची. कळप अमर, मेंढी मर्त्य. हजार वर्षांपूर्वी तंजावरच्या हिशेबनिसांना निसर्गाचे हे गणित उमगले होते आणि त्यांनी ते थेट जमाखर्चात घातले. मला तर हा शोध मनोऱ्याइतकाच मोठा वाटतो.

चला, आता देवळाच्या दगडाकडून चर्चच्या विटेकडे. मध्ये एक पूल आहे, आणि तो पावसाने बांधला आहे.

पाऊस हवेतून खाली येतो तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळवून घेतो. पाणी अगदी सौम्य आंबट होते. तुमच्या जिभेला कळणार नाही इतके. ते डोंगरातल्या ग्रॅनाइटावर, नाइसावर वर्षानुवर्षे पडत राहते. क्वार्ट्झला काही होत नाही. फेल्डस्पार मात्र हळूहळू गळतो आणि त्याची चिकणमाती होते. खडक भुसभुशीत होतो, क्वार्ट्झचे दाणे सुटून वाळू होतात. कावेरी कोडगूच्या डोंगरात उगम पावते, म्हैसूरच्या पठारावरून अशाच खडकांतून वाट काढते आणि ही वाळू, ही माती तंजावरला आणून टाकते. तीच माती भाताला जीव देते. तीच माती साच्यात घालून, वाळवून, भट्टीत भाजली की वीट. म्हणजे देवळाचा चिरा आणि चर्चची वीट यांचे मूळ एकच. वीट ही ग्रॅनाइटची नात आहे, पोरांनो, पाण्याच्या घरी वाढलेली.

ते चर्च बांधणारा माणूस ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. १७२६ साली प्रशियात जन्मला, १७५० साली तरंगमबाडीला, डेन्मार्कच्या वखारीत, मिशनरी म्हणून उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. तमिळ शिकला, फारसी, हिंदुस्थानी शिकला, आणि तंजावरच्या दरबारासाठी मराठीही शिकला. तिथे तेव्हा तुळजाजीराजे गादीवर होते. हैदर अलीच्या फौजांनी मुलूख उजाड केला, किल्ल्यात उपासमार सुरू झाली. खेड्यांत धान्य होते, पण आधीचे पैसे बुडालेले, म्हणून शेतकरी बैल जुंपेनात. श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला. शेतकऱ्यांनी बैल दिले, धान्य किल्ल्यात आले, आणि त्याने पैसे चुकते केले. असा माणूस.

विटेने बांधायचे म्हटले, की दारावर काय ठेवायचे हा प्रश्न येतो. वीट तर हाताएवढी. तिची तुळई होत नाही. तिथे कमान येते. कमानीत प्रत्येक वीट पाचरीसारखी दोन्हीकडून दाबलेली असते. ताण कुठेच नाही, सगळा दाबच. पण या दाबाला एक खोड आहे: तो खाली जातो तसा बाजूलाही ढकलतो. चोळांचा मनोरा फक्त खाली दाबतो. कमान शेजारच्या भिंतीला सतत रेटत असते.

युरोपात राजराजाच्याच काळात खेड्याखेड्यांतून दगडी चर्चे उभी राहू लागली होती. त्या गावचर्चांच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या इवल्याशा का असत, ते आता तुम्हीच सांगा. बरोबर. छताची कमान भिंती फाकवू पाही, म्हणून भिंत जाड. खिडकी मोठी केली की भिंत दुबळी. पुढे तिथल्या गवंड्यांनी टोकदार कमान काढली. तिचा रेटा बाजूला कमी आणि खाली जास्त जातो. उरलेला रेटा त्यांनी बाहेरून आधारभिंती देऊन तोलला. मग भिंती पातळ झाल्या, खिडक्या वाढल्या, रंगीत काचांतून ऊन आत आले. कधी हाव नडलीही. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचे छत त्यांनी सुमारे ४८ मीटरवर नेले आणि १२८४ साली त्याचा मोठा भाग कोसळला. श्वार्ट्झने तंजावरला असले काही मनात आणले नाही. त्याने घराच्या बेताचे, स्वच्छ, पांढरे चर्च बांधले, आणि ते टिकले.

पण ‘आजोबा, ते पांढरे का?’ असे तुमच्यापैकी कोणी अजून विचारले नाही. पांढरे ते चुन्यामुळे. आणि चुना हा निसर्गाच्या पोतडीतला सगळ्यांत नवलाचा जिन्नस आहे.

समुद्रातले शंख, शिंपले, कवड्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन आपले घर बांधतात. त्या घराचा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोरोमंडल किनाऱ्यावर हे शिंपले गोळा करून भट्टीत भाजत. सुमारे ९०० अंशांवर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी टाकले की तो खदखदतो, वाफा सोडतो, फुलून येतो. याला चुना विरवणे म्हणतात. (हा प्रयोग घरी करायचा नाही. डोळ्यांत गेला तर डोळा जातो.) विरवलेला चुना वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. तमिळ देशात त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालण्याची रीत होती. मग तो भिंतीला लावायचा. आणि आता खरी जादू: भिंतीवर बसल्याबसल्या चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे. भट्टीत जे गमावले ते परत मिळवतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा शिंपल्याचाच दगड. मद्रासकडचे गवंडी हा शिंपल्यांचा चुना घोटून घोटून असा चकचकीत करत, की परदेशी प्रवासी त्याला संगमरवर समजत.

या चुन्याने मोठ्या देवळात काय राखून ठेवले, ते ऐका. गाभाऱ्याभोवतीचा तो अरुंद बोळ आठवतो ना? १९३१ साली अण्णामलै विद्यापीठातले एस. के. गोविंदस्वामी त्या अंधाऱ्या बोळात शिरले. भिंतींवर चोळांनंतरच्या नायक राजांच्या काळातली चित्रे होती. एके ठिकाणी वरचा थर निखळला होता, आणि आतून दुसरेच चित्र डोकावत होते. चोळांच्या काळातले! राजराजाच्या वेळची चित्रे नायकांच्या चित्रांखाली शतकानुशतके जशीच्या तशी झाकलेली होती. मद्रासच्या संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी गिलावा तपासला आणि ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली असल्याचे सांगितले. चुना ओला असताना रंग लावला, की चुना दगड होताना रंगाचे कण आपल्या पोटात बंद करतो. रंग भिंतीवर बसलेला नसतो, भिंतच झालेला असतो. पुढे पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी काही ठिकाणी वरचा नायक थर न मोडता अलगद सोडवून वेगळा जतन केला आणि खालचे चोळ चित्र उघडे केले. दोन्ही वाचले.

आता चर्चच्या आत चला. तिथे एक संगमरवरी शिल्पपट आहे, आणि त्याच्यासाठीच मी तुम्हाला इथवर आणले.

तुळजाजीराजांनी १७८७ साली, मरण्याच्या आधी, एक मुलगा दत्तक घेतला. सरफोजी, वय वर्षे दहा. गादीवर मात्र तुळजाजींचे भाऊ अमरसिंह बसले आणि मुलाला कोंडल्यासारखे ठेवले, शिकवणेही नाही. श्वार्ट्झने त्याची बाजू लावून धरली, १७९३ साली त्याला मद्रासला नेले, शिकवले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. तेव्हा सरफोजीराजांनी त्याच्या देहावर अश्रू ढाळले, जरीचे वस्त्र पांघरले आणि ते दफनभूमीपर्यंत सोबत गेले. त्याच वर्षी ते गादीवर आले. पुढे त्यांनी लंडनला लिहून श्वार्ट्झचे स्मारक करवून घेतले. ते जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराने घडवले. फ्लॅक्समनने तंजावर कधी पाहिले नाही.

शिल्पात श्वार्ट्झ अंथरुणावर टेकला आहे. तरुण राजाने त्याचा हात हातात घेतला आहे. उशाशी गेरिके नावाचा दुसरा पाद्री उभा आहे. आणि बिछान्यापाशी शाळेतली मुले. जवळ जाऊन बघा: कापडाची चुणी, बोटांची पेरे, पगडीची वळणे. हे सगळे संगमरवरात जमते, ग्रॅनाइटात नाही. कारण पुन्हा निसर्ग. संगमरवर म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांचा चुनखडक, जमिनीत खोल दाबला जाऊन, तापून नव्याने स्फटिक झालेला. पदार्थ तोच, कॅल्शियम कार्बोनेट. तो मऊ, सुरीने ओरखडा निघतो. ग्रॅनाइटावर सुरीच बोथट होते. शिवाय संगमरवरात प्रकाश थोडासा आत शिरतो आणि मग परततो, म्हणून त्यातली कातडी जिवंत वाटते. चोळांच्या मूर्तिकाराला ही सवलत नव्हती. त्याने ग्रॅनाइटाचा हट्ट ओळखला आणि भरदार, गोलाईचे आकार घेतले. फ्लॅक्समनची नजाकत मला आवडते, पण ग्रॅनाइटातल्या चोळ द्वारपालासमोर मी जास्त वेळ उभा राहतो, हे खरे.

म्हणजे बघा, चर्चची वीट देवळाच्या चिऱ्याच्या कुळातली. आणि देवळातल्या चोळ चित्रांखालचा गिलावा, चर्चच्या भिंतीचा चुना, आतला संगमरवर, हे तिन्ही एकाच पदार्थाचे.

सरफोजीराजांनी मोठ्या देवळातही आपली खूण ठेवली आहे. १८०३ साली त्यांनी तिथल्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. बाबूराव चिटणिसांनी तो लिहिला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. तमिळ देशात, चोळांच्या देवळात, ग्रॅनाइटावर बाळबोध अक्षरे! तुम्हाला ती वाचता येतात. जाल तेव्हा दहा ओळी तरी वाचा, बोट न लावता. हजारो बोटांचा घाम आणि तेल दगडालाही बाधते.

आणि आता एक काम सांगतो, ते तुमच्या आईबाबांनाही सांगा. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रे असतात. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते, भिंत कोरडी होते. सिमेंट घट्ट. जुन्या विटेवर, जांभ्यावर, दगडावर सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार मागे स्फटिक होऊन फुगतात आणि भिंत आतून भुगा होते. उलटी चूकही तितकीच वाईट. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिका आहे, १६०५ सालची. तिच्या बाहेरच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, जुना दगड दिसावा म्हणून, तो काढून टाकला. तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. आपल्याकडे गावोगाव देवळांच्या कोरीव चिऱ्यांवर ऑइल पेंट फासतात, वाड्यांना सिमेंटचा लेप देतात, आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात. तुमच्या गावात असे ठरत असेल, मग ते देऊळ असो, चर्च असो, मशीद असो की पार, तर बैठकीत उठून विचारा: चुना मळणारा गवंडी अजून कुठे आहे? असे गवंडी आहेत, थोडे आहेत. त्यांना शोधा, त्यांना काम द्या, आणि त्यांच्या हाताखाली गावातली दोन पोरे शिकायला बसवा.